ज्ञानकोशातील पंक्तिप्रपंच

पंगतीत ओळखीच्या पानावर तुपाची धार थोडी अधिक पडते आणि कोपऱ्यातल्या पानाकडे वाढपी फिरकतच नाही, याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात. ज्ञानाच्या पंगतीतही हा दोष शिरू शकतो. वाढपी जेथे बिनपगारी आणि स्वखुशीने आलेले असतात, तेथे त्यांना जाब कोणी विचारावा हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

2016 च्या ऑगस्टमध्ये 5 ते 7 या तारखांना चंदीगड परिसरात भारतीय भाषांतील विकिपीडियाच्या लेखकांची परिषद भरली. अशी पहिली परिषद 2011 मध्ये मुंबईत झाली होती. वर्षानुवर्षे परस्परांना केवळ सदस्यनामाने ओळखणारी माणसे येथे समोरासमोर बसली, एकत्र जेवली. या स्नेहाचा कामाला लाभच होतो. परंतु स्नेहाबरोबर भीडही येते, आणि भीड ही भिकेची बहीण असल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. काल ज्याच्या शेजारी बसून भोजन केले, त्याने लिहिलेला लेख वगळण्याची सूचना आज कोणत्या तोंडाने मांडावी? स्वेच्छेने चालणाऱ्या कार्यातील बराचसा पक्षपात दुष्टाव्यातून जन्मत नाही; तो अशा संकोचातून जन्मतो, आणि म्हणूनच करणाऱ्याला तो पक्षपात वाटत नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश असो किंवा लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे सिद्ध झालेला विश्वकोश असो, तेथे निवडीचा दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे उघड होते. संपादकाचे नाव मुखपृष्ठावर छापलेले होते. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आज सुमारे एक लाख लेख आहेत, परंतु एखादा लेख राहावा की जावा हे ठरविणारे नित्याचे कार्यकर्ते फार थोडे असतात. ते एकमेकांना ओळखतात, हे निराळे सांगावयास नको.

चंदीगडच्या शासकीय संग्रहालयात गांधार शैलीची जी शिल्पे आहेत, ती फाळणीनंतर 1948 मध्ये लाहोर संग्रहालयाची वाटणी होऊन भारताच्या वाट्यास आली. साठ टक्के पाकिस्तानास, चाळीस टक्के भारतास, असे प्रमाण ठरले होते. मूर्तींची वाटणी अशी आकड्याने करता येते. कोणाचे चरित्र कोशात यावे, याला असे प्रमाण कोठून आणावे?

इंग्रजी विकिपीडियाने यावर जो उपाय योजला, तो कार्यपद्धतीचा आहे. वगळण्याचा प्रस्ताव साधारणपणे सात दिवस खुल्या चर्चेसाठी राहतो. निर्णय देताना हात मोजावयाचे नसतात, युक्तिवाद तोलावयाचे असतात. जो प्रचालक चर्चेत एका बाजूने बोलला, त्याने निकाल देऊ नये असा दंडक आहे. आपल्या बाजूचे लोक बोलावून आणणे निषिद्ध आहे. आणि प्रत्येक फेरबदलाची नोंद इतिहासात राहते. ती कोणालाही पाहता येते.

या नोंदीचे मोल 2018 मध्ये दिसून आले. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला डोना स्ट्रिकलंड या कॅनडातील विदुषींना भौतिकीचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेखच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात सादर झालेला मसुदा, उल्लेखनीयता सिद्ध करणारे संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून परत पाठविण्यात आला होता. परीक्षकाने कोणावर मेहेरबानी केली नव्हती. त्याने नियम पाळला होता. परंतु वृत्तपत्रांनी ज्यांच्याविषयी लिहिलेच नाही त्यांचे संदर्भ आणावयाचे कोठून? मुळातला पंक्तिप्रपंच कोशाबाहेर घडला होता, आणि कोशाने तो निमूटपणे उतरवून घेतला. नकार कारणासह नोंदलेला होता म्हणूनच जगाला हे दाखविता आले.

क्रोएशियन विकिपीडियाची कथा याहून कडू आहे. तेथे प्रचालकांच्या एका गटाने सुमारे दशकभर कोश आपल्या राष्ट्रवादी मतांच्या कह्यात ठेवला आणि आक्षेप घेणाऱ्यांवर बंदी घातली. नियम तेथेही होते. परंतु नियम लावणारे, त्यांचे मित्र आणि त्यांना निवडून देणारे हे एकच मंडळ झाले होते. विकिमीडिया प्रतिष्ठानाचा या प्रकरणावरील अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत 2021 साल उजाडले.

लहान भाषांच्या कोशांना हा धोका अधिक आहे. त्यासाठी सर्व प्रकल्पांचे सदस्य मिळून दरवर्षी काही विश्वस्त निवडतात, त्यांना स्टुअर्ड असे म्हणतात. आपल्या स्वतःच्या घरच्या प्रकल्पात कोणाचे अधिकार वाढविणे किंवा काढून घेणे त्यांनी करावयाचे नाही, असा संकेत आहे. अधिकाराच्या गैरवापराविरुद्ध ही तटबंदी बरी आहे. पण खानदेशातल्या एखाद्या कवीवरचा लेख ठेवावा की वगळावा, हे मराठी न जाणणारा परका विश्वस्त सांगू शकत नाही. तो निर्णय अखेर त्याच चार-पाच परिचितांकडे परत येतो, आणि त्यांतील एखादा त्या कवीचा भाचाही असू शकतो. त्याने तसे चर्चापानावर आधी लिहावे आणि मग गप्प बसावे, एवढे तरी त्याला सांगता येते.