सराव कोणासाठी?

(चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात दिलेले व्याख्यान)



एखादा संघ सतत हरू लागला म्हणजे दोन तक्रारी हमखास कानी येतात. खेळाडूंना तळमळ नाही, असे प्रशिक्षक म्हणतात. सरावाचा बोजा अवास्तव आहे, असे खेळाडू म्हणतात. दोन्ही तक्रारींत थोडेबहुत तथ्य असते. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे : हा सराव नेमका कोणाच्या इच्छेने चालला आहे?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर कलकत्त्यात सापडते. जानेवारी १८७३ मध्ये तेथील इंग्रजांनी रग्बीचा एक क्लब स्थापन केला. प्रारंभी सभासदांची वाण नव्हती. तथापि बंगालच्या हवेत हा दमछाक करणारा खेळ सोसणे कठीण होते. शहरातील पलटण हलली, आणि क्लबात मिळणारे फुकटचे मद्य बंद होताच उरलेल्यांचा उत्साहही मावळला, असे सांगतात. पाचेक वर्षांतच क्लब मोडला. चालकांनी शिल्लक रकमेतून २७० चांदीचे रुपये काढून ते वितळवले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ १८७९ पासून त्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजत आले आहेत. चषक अमर झाला; क्लब मात्र राहिला नाही. सभासदांना खेळापेक्षा खेळानंतरची बैठक अधिक प्रिय असेल, तर सरावाची सक्ती किती दिवस टिकणार?

आपल्या शहरातील क्रिकेटची रचना निराळी आहे. येथील साखळी स्पर्धेत संघांच्या श्रेणी ठरलेल्या असतात. जिंकणारा संघ वरच्या श्रेणीत चढतो, हरणारा खाली घसरतो. इंडिया सिमेंट्ससारख्या उद्योगसमूहांनी या संघांना आश्रय दिला, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. त्यामुळे वरच्या श्रेणीत सरावाला वेळ मिळू लागला. खालच्या श्रेणीतील खेळाडू मात्र नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून मैदानावर येतो. त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, हा प्रश्न तेथे खरोखरच बिकट होतो.

याच वेस्ट मांबलममध्ये, रामकृष्णपुरमच्या पहिल्या गल्लीत, रविचंद्रन अश्विन लहानाचे मोठे झाले. गल्लीतल्या क्रिकेटला प्रशिक्षक नसतो, हजेरीपट नसतो. हरलेली मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, ती कोणी बोलावले म्हणून नव्हे. किशोरवयात दुखापतीमुळे अश्विन यांना खेळापासून दूर राहावे लागले आणि सलामीच्या फलंदाजाची जागा हातची गेली. पुढे ते ऑफस्पिनकडे वळले. २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा १०६ कसोटी सामन्यांत ५३७ बळी त्यांच्या नावावर होते. परंतु येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, कसोटीत ४८९ बळी जमा असताना, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेपूर्वी ते मैलापूर रिक्रिएशन क्लबकडून स्थानिक सामना खेळायला उतरले. आपल्याला कसला सराव हवा आहे, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक होते.

एका व्यक्तीचा हा स्वभाव संपूर्ण संघात उतरू शकतो काय? राजस्थानचा अनुभव पाहावा. रणजी स्पर्धेत आठ वेळा अंतिम सामना गमावलेला हा संघ २०१०-११ च्या हंगामात दुय्यम मानल्या जाणाऱ्या प्लेट गटात खेळत होता. पुण्याचे हृषीकेश कानिटकर यांच्याकडे नेतृत्व होते. आकाश चोप्रांसारखे बाहेरून आलेले अनुभवी खेळाडू सोबतीला होते. त्या हंगामात राजस्थानने हैदराबादचा डाव अवघ्या २१ धावांत गुंडाळला, आणि प्लेट गटातून वर येत थेट विजेतेपद मिळवले. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१२ मध्ये, आपल्या चेपॉकवर तमिळनाडूला मागे टाकून ते राखले. पाहुण्या खेळाडूंनी येऊन केवळ धावा केल्या असत्या, तर दुसरे विजेतेपद क्वचितच मिळाले असते. स्थानिक तरुणांनी त्यांच्याबरोबरीने कष्ट उपसले, म्हणून ते शक्य झाले.

तमिळनाडूची कथा अधिक बोचरी आहे. १९५४-५५ आणि १९८७-८८ या दोनच हंगामांत आपण रणजी करंडक जिंकला. गुणवत्तेची उणीव नव्हती, सोयींचीही नव्हती. याच कानिटकरांना काही काळ प्रशिक्षक म्हणून आणले गेले. नंतर मुंबईचे सुलक्षण कुलकर्णी आले, आणि २०२३-२४ मध्ये सात वर्षांनी संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. मार्च २०२४ मध्ये गाठ पडली ती मुंबईशी, तीही मुंबईतच. कर्णधार साई किशोर यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. संघ १४६ धावांत बाद झाला. तरी त्याच कर्णधाराने सहा बळी घेतले, आणि मुंबईची अवस्था ७ बाद १०६ अशी झाली होती. पुढे शार्दूल ठाकूर यांनी शतक झळकावले, मुंबई ३७८ पर्यंत पोहोचली आणि तमिळनाडूचा एक डाव व ७० धावांनी पराभव झाला.

सामन्यानंतर प्रशिक्षकांनी जाहीरपणे सांगितले की, आपण प्रथम गोलंदाजी केली असती. सामना पहिल्या सकाळीच हातचा गेला. खेळपट्टीचे त्यांचे निदान कदाचित बरोबरही असेल. तथापि दिनेश कार्तिक यांनी या वक्तव्याला आक्षेप घेतला : कर्णधाराच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी त्याला एकटे पाडले गेले. त्यानंतर कुलकर्णी आणि तमिळनाडू यांचे मार्ग वेगळे झाले.

दोष कोणाचा, हे ठरविण्याची येथे गरज नाही. परंतु सात वर्षांनी वर आलेल्या संघाला एका पराभवाने इतका तडा जावा, हे विचार करण्याजोगे आहे. प्रशिक्षक खेळाडूकडून पहाटेचे तास मागतो, घाम मागतो, आज्ञापालन मागतो. हे मागण्याचा अधिकार त्याला जरूर आहे. पण खेळाडूही त्या बदल्यात काही मागत असतो : निर्णयापूर्वी मोकळी चर्चा, आणि निर्णय चुकला तर सामायिक जबाबदारी. ही देवघेव थांबली की सरावाची मजुरी होते.

म्हणून कोणत्याही श्रेणीतील संघ घसरू लागला, तर चालकांनी सरावाचे तास दुप्पट करण्याची घाई करू नये. प्रथम खेळाडूंना एकत्र बसवावे. आपण कोठे कमी पडतो आणि त्यासाठी आठवड्यातून किती वेळ देऊ शकतो, हे त्यांनाच सांगू द्यावे. जे ठरेल ते थोडे असले तरी चालेल. मात्र ते काटेकोरपणे पाळले जावे, आणि न पाळणाऱ्याला जाब विचारणारे त्याचे सोबतीच असावेत. रामकृष्णपुरमच्या गल्लीत असेच चालते. तेथे उशिरा येणाऱ्या मुलाला फलंदाजी मिळत नाही, आणि हा नियम कोणा मोठ्या माणसाने घालून दिलेला नसतो.