जिल्हा कसा ओळखावा?



मुख्य ठिकाण, तालुके आणि लोकसंख्या पाठ झाली की जिल्हा समजला, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. ही माहिती हवीच. पण तेवढ्यावर भागते का, हे आज हिंगोलीच्या निमित्ताने पाहू.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच वर्षी व्हिएतनाममधील क्वांग नाम प्रांतातल्या मी सोन येथील शिवमंदिरांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात तेथे शिवाची स्थापना केली आणि आपले नाव देवाला जोडून त्याला भद्रेश्वर म्हटले. आमच्या सिद्धेश्वराच्या माणसाला हे नाव परके वाटू नये! पुढे १ जुलै २०२५ रोजी क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला. आपल्याकडे सरकारने एक रेघ ओढली, तिकडे एक पुसली. थू बोन नदी मात्र तिच्या खोऱ्यातून पूर्वीसारखीच वाहते आहे. तेव्हा रेघेपेक्षा नदीचे बोट धरून चालणे आम्हांला अधिक भरवशाचे वाटते.

सिद्धेश्वरला येणारी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. तिच्यावरची दोन धरणे पाहा. वरचे येलदरी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात. तेथे पाणी साठते आणि वीज निर्माण होते. तेथून सुटलेले पाणी खाली आमचे सिद्धेश्वर धरण अडवते आणि कालव्यात सोडते. हे पाणी हिंगोली, परभणी आणि नांदेड अशा तिन्ही जिल्ह्यांच्या शेतांना जाते. म्हणजे आमच्या धरणाची किल्ली शेजारच्या जिल्ह्यात, आणि आमच्या कालव्याचे शेवटचे टोक तिसऱ्याच जिल्ह्यात!

हिंगोलीची दुसरी नदी कयाधू. तिच्या काठी नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव. औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. त्याच नामदेवांची पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. नर्सीचे बोल पंजाबात पोहोचले, तेव्हा वाटेत कोणता जिल्हा लागला हे कोणी विचारले नाही.

आता वसमतची हळद घ्या. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सात-नऊ महिने शेतात राहणारे हे पीक. त्याला पाणी हवेच. मग हळद शिजवायची, वाळवायची, घासून चकचकीत करायची. बाजारात त्या हळकुंडाला वसमतचे नाव लागते, पण त्यात पाणी आणि श्रम किती जणांचे असतात!

हे सारे आम्ही केवळ कौतुकासाठी सांगत नाही. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी कालव्याच्या पाण्यावरून गावे आणि जिल्हे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. जो तो आपल्या रेघेच्या आत हिशेब मांडतो. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचा त्याग, कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याची तहान आणि शहरातला नळ ही एकाच हिशेबाची कलमे आहेत. त्यांतले एक जरी गाळले, तरी बेरीज चुकते आणि भांडण उरते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की या सुट्टीत मुलांना नकाशा जरूर दाखवा. पण एकदा येलदरीपासून सिद्धेश्वरापर्यंत आणि तेथून कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत घेऊन जा. तेथल्या शेतकऱ्याला पाणी कधी येते, ते त्यांनाच विचारू द्या. पुढे पाणी वाटण्याची वेळ या मुलांवर येईल, तेव्हा तो माणूस त्यांच्या ओळखीचा असेल.