गाजर, साखर आणि दिवसाचा उजेड

मुलाला चष्मा लागला की घरात पहिली चर्चा होते ती त्याच्या खाण्याची. पालेभाजीला हात लावत नाही, गाजर खात नाही, म्हणून नंबर आला, असं आजी म्हणते आणि आई स्वतःला दोष देत बसते. आज मी बोलणार आहे ते त्या आईशी.

लघुदृष्टीत, म्हणजे दूरचं धूसर दिसतं तेव्हा, डोळ्याचा गोळा पुढून मागे जरुरीपेक्षा लांब वाढतो. त्यामुळे दूरची वस्तू पडद्यावर नेमकी उमटत नाही, अलीकडेच उमटते. जेमतेम एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर येतो. गाजर-पालेभाज्यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळतं, म्हणून ते हवंच. पण डोळ्याची ही लांबी त्यानं कमी होत नाही.

मग आहाराचा संबंधच नाही का? अलास्कातल्या बॅरो गावातल्या एस्किमो कुटुंबांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. आजी-आजोबांमध्ये लघुदृष्टी जवळपास नव्हतीच. नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक जणांना होती. दोन पिढ्यांत आनुवंशिकता एवढी बदलत नाही. त्या काळात तिथे मैदा आणि साखर आली होती, आणि शाळाही आली होती. मैदा-साखरेनं इन्शुलिन वाढतं आणि त्यातून डोळ्याची वाढ बिघडते, असा तर्क २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांनी मांडला. तो विचार करण्याजोगा आहे, पण अजून तर्कच आहे.

दिवसाच्या उजेडानं लघुदृष्टी टळते याचा पुरावा मात्र भक्कम आहे. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना पाहा. सिंगापुरात शंभरात २९ मुलांना लघुदृष्टी, सिडनीत फक्त तिघांना! आईवडिलांचे चष्मे दोन्हीकडे सारखेच, आणि पुस्तकं तर सिडनीची मुलंच जास्त वाचत होती. फरक होता घराबाहेरच्या वेळेचा: सिंगापुरात आठवड्याला तीन तास, सिडनीत जवळजवळ चौदा. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्यानं लघुदृष्टी आलेली मुलं ३० टक्के होती, इतर शाळांत जवळजवळ ४० टक्के.

भर उन्हात उभं राहायची गरज नाही. झाडाच्या सावलीतही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. तेवढ्यानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि ते गोळ्याची वाढ आवरतं, असं मानलं जातं.

चष्मा लागलाच असेल तर तो पूर्ण नंबरचाच द्या. कमी नंबर दिल्यानं वाढ थांबत नाही. उजेडाचा फायदा सर्वांत जास्त होतो तो चष्मा लागण्याआधी. म्हणून धाकटं भावंड असेल तर शिकवणीची वेळ संध्याकाळी उशिराची घ्या आणि शाळा सुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्याला बाहेर खेळू द्या.