रडू येते, तरी पुन्हा का जातो?



मुलगी नागपूर विद्यापीठात मराठीची एम. ए. करू लागली की घरोघरी विचारतात, "हे साहित्यशास्त्र शिकून काय करायचे?"

प्रश्न रास्त आहे. पण दुसराही एक विचारून पाहा. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री आपण झाडीपट्टीचे नाटक पाहतो. नायिकेच्या दुःखाने पदर भिजतो. तरी पुढल्या वर्षी पुन्हा जातो. घरचे दुःख नकोसे होते, मग रंगभूमीवरचे हवेसे का वाटते?

साहित्यशास्त्र याचाच विचार करते. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. अभिनवगुप्त म्हणतो, नाटकातले दुःख माझे-तुझे राहत नाही, सर्वांचे होते. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. 'उत्तररामचरिता'त तर करुण हाच मूळ रस मानला आहे. ते लिहिणाऱ्या भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. म्हणजे ही विद्या आपल्याच अंगणातली!

नोकरीची चिंता जरूर करावी. पण मुलीचे पुस्तक मिटवू नये. सुट्टीत ती घरी आली की तिला मंडळात बोलवावे आणि म्हणावे, "पोरी, आम्ही का रडतो ते सांग."