आधी मर्यादा, मग गेन

आज कळवणला घरूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच कांद्याच्या ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय सर्व्हो मोटरच्या आउटपुटला मर्यादा घालण्याचा. पुस्तकात ही जेमतेम एक ओळ असते. मला ती नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मशीनने शिकवली.

आमचा कंट्रोलर ड्राइव्हला उणे 10 ते अधिक 10 व्होल्टमध्ये वेगाची कमांड द्यायचा. प्रोग्राममध्ये तोच आकडा 16 बिटांचा, म्हणजे उणे 32,768 ते अधिक 32,767. ट्यूनिंग करताना मी गेन वाढवला आणि हिशोबाचं उत्तर आलं 33,000. 16 बिटांत ते मावत नाही, त्याचं होतं उणे 32,536. म्हणजे बघा, मोटरला जायचं होतं पूर्ण वेगाने पुढे आणि कमांड गेली जवळजवळ पूर्ण वेगाने मागे! स्लाइड धाडकन शेवटच्या स्टॉपरवर आदळली. ऑपरेटर दादांनी मिनिटभरापूर्वीच तिथून हात काढला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

4 जून 1996 ला एरियन 5 रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आसपास नष्ट झालं, तेही 16 बिटांत न मावणाऱ्या आकड्यामुळेच.

उपाय सोपा आहे. हिशोब 32 बिटांत करा, आधी मर्यादा घाला, मगच 16 बिटांत टाका. क्रम उलटा झाला तर मर्यादा असून नसल्यासारखी.

पण एवढ्यावर भागत नाही. आउटपुट 10 व्होल्टला अडकलं, तरी पीआय कंट्रोलरमधला इंटिग्रल चूक साठवतच राहतो. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आठवा. निघत नाही म्हणून आपण रेस वाढवत जातो, आणि सुटला की तो उडीच मारतो. मोटरही तशीच ठरलेल्या जागेच्या पुढे निघून जाते. याला वाइंडअप म्हणतात. म्हणून आउटपुट मर्यादेला टेकलं आणि चूकही त्याच दिशेची असेल, तर इंटिग्रल तिथेच गोठवायचा.

आणि शेवटचं. वेगाची मर्यादा प्रोग्राममध्ये घाला, टॉर्कची ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये घाला, पण माणसाचा हात या दोन्हींच्या भरवशावर सोडू नका. इमर्जन्सी स्टॉप आणि सेफ टॉर्क ऑफ यांची वायरिंग वेगळीच हवी. आपला कोड कधीतरी चुकणार, हे धरूनच चालायचं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत आपापल्या प्रोग्राममधली ती एक ओळ तपासून घ्या!