गर्दी बाहेर काढा



आजच्या या मेळाव्यात सकाळपासून सोशल मीडिया आणि सुवार्तासेवा यावर चर्चा झाली. जवळजवळ प्रत्येक वक्त्याने एकच प्रश्न विचारला: आपण जास्त लोकांपर्यंत कसे पोहोचू? माझं मत स्पष्ट आहे. आपल्या मंडळ्यांना आज हा प्रश्न बिघडवतो आहे.

मोबाइल हे सैतानाचं यंत्र आहे असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी वाद वाढवत नाही. एवढंच सांगतो: फादर स्टीफन्सने 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून छापलं. अहमदनगरात 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी सुवार्तेसाठी कीर्तन हाती घेतलं. नवं साधन हाती घेणं ही आपली जुनीच रीत आहे. 2020 च्या ईस्टरला टाळेबंदीमुळे चर्चची दारं बंद होती, तेव्हा मोबाइलच्या याच पडद्यावरून उपासना घराघरांत पोहोचली. अंथरुणाला खिळलेल्या आजींना आणि परदेशात एकट्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती आजही हवी आहे. ती चालू ठेवा.

माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. पाळक इस्पितळात प्रार्थनेला जातात, त्यांच्याबरोबर एक तरुण मोबाइल धरून उभा असतो. खाटेवर एक बाई आहे, नाकात नळी आहे, केस विस्कटलेले आहेत. तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं तरी प्रार्थनेला आलेल्या माणसाला नाही म्हणण्याचं बळ तिच्यात कुठून यावं? संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा गावभर फिरतो, खाली मंडळीचं नाव आणि देणगीसाठी क्यूआर कोड. धान्यवाटपाचंही तेच. पाच किलो तांदळासाठी विधवेने कॅमेऱ्याकडे बघायचं. याला आपण सेवा म्हणतो!

मार्काचं शुभवर्तमान उघडा. पाचव्या अध्यायात याईराची बारा वर्षांची मुलगी मरून पडली आहे, घरात आकांत चालला आहे. प्रभूने सगळ्यांना बाहेर काढलं. आत राहिले मुलीचे आईबाप आणि तीन शिष्य. मुलगी उठली तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या: हे कुणाला कळू देऊ नका, आणि तिला खायला द्या. सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला तो गर्दीपासून बाजूला घेऊन गेला. पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्याला त्याने गप्प राहायला बजावलं होतं. पण त्या कुष्ठरोग्याने ऐकलं नाही, सगळीकडे बोभाटा केला. परिणाम काय झाला तोही मार्काने लिहून ठेवला आहे: प्रभूला गावात उघडपणे जाता येईना, त्याला बाहेर ओसाड जागी राहावं लागलं. प्रसिद्धीने प्रभूची सेवा अडवली. हे वचन आपल्या मीडिया टीमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवतं का?

मग साक्ष द्यायचीच नाही का, असं मला विचारलं जाईल. द्यायची. गरसेकरांच्या मुलखातल्या त्या भूतग्रस्ताला प्रभूनेच सांगितलं, घरी जा आणि आपल्या माणसांना सांग. पण सांगायचं त्याने. त्याच्या वतीने कुणी त्याचे हाल दाखवले नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचली जातात, कारण पती रेव्हरंड टिळकांच्या बाप्तिस्म्याने झालेली घालमेल, राग, दुरावा, सगळं त्या स्वतःच्या भाषेत स्वतः सांगतात. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे त्यांनी ठरवलं. तेवढाच हक्क त्या खाटेवरच्या बाईचा आहे.

आणखी एक कटू गोष्ट. प्रार्थनेने बरं झाल्याचा व्हिडिओ पाहून कुणी इन्सुलिन थांबवलं, टीबीच्या गोळ्या सोडल्या, तर त्याच्या जिवाची जबाबदारी कुणाची? महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकाने शहाणं व्हावं लागणं, हीच ख्रिस्ती माणसाला शरमेची गोष्ट आहे. प्रार्थना करा, मनापासून करा, आणि त्याच तोंडाने सांगा की डॉक्टरांचं औषध चालू ठेव.

प्रार्थनाविनंत्यांच्या व्हॉट्सअॅप गटांबद्दलही बोललंच पाहिजे. मुलीचं मोडलेलं लग्न, नवऱ्याचं व्यसन, रिपोर्टचा फोटो, वॉर्डाचा क्रमांक. शेकडो लोकांच्या गटात टाकलेली गोष्ट चहाच्या टपरीवर ऐकू येते, आणि ज्याने विश्वासाने सांगितलं तो पुन्हा चर्चची पायरी चढत नाही. नाव न घेताही प्रार्थना होते. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

तरुण संघातल्या मुलांनो, कॅमेरा तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला विशेष सांगतो. वचन समजावून सांगा, गीतं गा, बोलीत बोला, नोकरीची आणि शिष्यवृत्तीची माहिती द्या. यासाठी कुणाच्याही अश्रूंची गरज नाही.

आणि मंडळ्यांच्या पंचांनो, हा विषय येत्या सभेत घ्या. आजवर ज्या आजाऱ्यांचे, मुलांचे, गरजूंचे चेहरे आपण दाखवले, त्यांची यादी करा. त्यांच्या घरी जा, मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि विचारा. नको म्हणाले, तर तो व्हिडिओ तिथेच, त्यांच्यासमोर काढून टाका.