घरातला समुद्र आणि त्यावरचा दिवा



कार्यक्रमपत्रिकेवर आमचे नाव आणि त्यापुढे हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. कारखान्याच्या फाटकावर बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणारा माणूस खाऱ्या पाण्यातल्या माशांवर काय बोलणार? चूक झालेली नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. रसायनशास्त्र शिकलो ते पुढे, मासे मेल्यावर, ते का मेले हे शोधताना. तेव्हा हे व्याख्यान विद्वानाचे नव्हे. ठेच लागलेल्या माणसाचे आहे.

ठेच कशी लागली ते आधी सांगतो. २००७ साली आम्ही अंबरनाथला राहत होतो. गाव सोडून चाललेल्या एका गृहस्थाकडून आम्हांस मेटल हॅलाइडचा दीडशे वॅटचा दिवा स्वस्तात मिळाला. दिवा हाती आला म्हणून टाकी घेतली. दोन फुटांची, पासष्ट लिटरांच्या आसपासची. मग त्यात विदूषक माशांची जोडी आणि एक समुद्रपुष्प. पाणी खेळवायला एक लहानसा पंप. बस्स. संध्याकाळी दिवा लागला की पाण्यात उजेडाच्या लाटा नाचत, आणि अख्खी चाळ दारात येऊन उभी राही.

हा थाट दोन महिने टिकला. मे महिना होता. भारनियमनाचे दिवस, त्यात कुठेशी केबल जळाली आणि वीज रात्रभर आली नाही. दिवसभर त्या दिव्याने पाणी तापवून ठेवलेले, पंप बंद, आणि हवा घालणारे दुसरे काही नाही. पहाटे कंदील धरून पाहिले तेव्हा समुद्रपुष्प विरघळू लागले होते आणि मासे आडवे झाले होते. आमच्या मुलीने विचारले, "बाबा, दिवा नव्हता म्हणून मेले का?" तेव्हा आम्ही हो म्हटले. ते उत्तर चूक होते. संघटनेतल्या एका वायरमन सहकाऱ्याने मात्र नेमके बोट ठेवले. तो म्हणाला, "अहो, तुम्ही मंडपाला रोषणाई केलीत आणि पाहुण्यांच्या पाण्याची सोयच केली नाहीत."

आजचे आमचे म्हणणे एवढेच आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत डोळ्यांत भरते ती वस्तू दिवा, म्हणून माणूस ती आधी घेतो. वास्तविक ती सर्वांत शेवटी घ्यायची. टाकीत कोण राहणार ते आधी ठरवावे, त्याला जगवणारी न दिसणारी सामग्री जमवावी, आणि मग दिव्याच्या दुकानात जावे.

न दिसणाऱ्यांत पहिले पाणी. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. कोणी म्हणेल, मग घरातले मीठ घालू. मिठागर पाहिले असेल त्याने असे म्हणू नये. मिठागरात खाण्याचे मीठ खाली बसते आणि मॅग्नेशियमसारखे कडू क्षार बरेचसे वरच्या पाण्यात राहून जातात. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक तुकडा झाला, समुद्र नव्हे. मत्स्यालयासाठी सगळे क्षार प्रमाणात मिसळलेले मीठ मिळते, तेच घ्यावे. ते कालवायचे पाणीही नळाचे नको, कारण त्यात क्लोरीन असते. आरओ यंत्रातून काढून पुढे डीआयच्या नळीतून गाळलेले पाणी घ्यावे. टीडीएस मीटरवर त्याचा आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याचे प्लॅस्टिकचे मापक स्वस्त पडते खरे, पण त्याच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की ते खुशाल खोटे बोलते. आणि उन्हाळ्यात पाणी उडाले की भर घालायची ती गोड्या पाण्याची. पाणी उडते, मीठ उडत नाही. आम्ही पहिल्या महिन्यात खारे पाणी ओतत बसलो होतो, हेही कबूल करून टाकतो.

दुसरे न दिसणारे म्हणजे जंतू. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तो विष आहे. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जंतू वेगळे काढून दाखवले. हे कामगार दिसत नाहीत, हजेरीपटावर नाहीत, पण ते नसतील तर टाकी दोन आठवडे चालणार नाही. त्यांची भरती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत सच्छिद्र दगड, वाळू, वाहते पाणी आणि अमोनियाचा थोडा खुराक असावा, मासा नसावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला पाहुणा. या सहा आठवड्यांत भारी दिव्याची गरज तर नसतेच, उलट त्याने शेवाळ माजते. दुकानदार हे सांगत नाही, कारण थांबण्याचे त्याला काही मिळत नाही.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढतात ना, तेच काम प्रोटीन स्किमर करतो. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली सेंद्रिय घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमते. हा फेस खाऱ्या पाण्यात चांगला धरतो, गोड्या पाण्यात नाही. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीवर हे यंत्र दिसत नाही. पाणी फिरवणारे पंप एकाऐवजी दोन लहान घ्यावेत. एक संपावर गेला तरी दुसरा काम चालू ठेवतो.

उष्णतेकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. विलायती पुस्तके हीटरवर पाने खर्च करतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांवर राहावे आणि बाहेर वैशाख असा! टाकीवर एक साधा पंखा वाहता ठेवला की पाणी उडून दोनतीन अंश उतरते. घाटावरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, कोकणच्या दमट हवेत कमी. तिथे चिलर लागतो, आणि त्याची किंमत व विजेचे बिल ऐकून पुष्कळांचा छंद जागीच संपतो. पैसे खर्चायचेच असतील तर ते दिव्यावर नव्हे, इथे खर्चा. आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा लहान पंप तर घ्याच. वीज गेली की सर्वांत आधी प्राणवायू संपतो. आमची ती जोडी त्या लहान यंत्रावाचून गेली.

विजेचा विषय निघालाच आहे, तर कामगारांच्या सभेत जे सांगतो तेच इथे सांगतो. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या साऱ्या जोडण्या तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घ्या. अर्थिंग तपासून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे ओघळलेले पाणी खाली ठिबकेल, प्लगात जाणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद. याला जो चालढकल करील त्याने गोल्डफिश पाळावा. वजनही ध्यानात घ्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे एकशे ऐंशी लिटर पाणी मावते. काच, दगड आणि वाळू धरून ओझे अडीचशे किलोंच्या घरात जाते. जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर ते ठेवू नये. पण म्हणून अगदी लहान टाकीही घेऊ नये. थोड्या पाण्यात चूक लवकर भोवते.

आता दिवा. दुकानात तुम्हांस तीन आकडे ऐकवतील : वॅट, ल्यूमेन आणि केल्विन. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. तो मजुरीचा खर्च झाला, माल किती निघाला ते त्यावरून कळत नाही. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो आणि निळा कमी, म्हणून चांगला निळा दिवा ल्यूमेनमध्ये दुबळा दिसतो. केल्विनवरून उजेड पिवळट की निळसर एवढेच समजते.

प्रवाळाला यांतले काहीच कळत नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. ती उजेडावर अन्न करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. भाडे म्हणा हवे तर. समुद्रात तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच बराचसा विरतो, निळा खोल जातो. या शैवालांना निळ्याचा उपयोग करता येतो तो यामुळे. त्यांच्या कामाचा उजेड मोजायचे माप वेगळे, त्याला पार म्हणतात. वनस्पतीला वापरता येतील असे प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगायचे. मऊ प्रवाळांना साधारण पन्नास ते दीडशे पुरतात. फांद्यांच्या दगडी प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे लागतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा दोन हजारांच्या जवळ जातो. हे मोजण्याचे मीटर महाग आहे, पण दहा जणांनी वर्गणी काढून एक घेतले तर प्रत्येकाला वर्षातून दोनदा पुरते. वर्गणी काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही!

एलईडी आल्यापासून आमच्या त्या हॅलाइडची गरज राहिली नाही. एलईडी पाणी कमी तापवतो, निळा आणि पांढरा उजेड वेगवेगळा कमीजास्त करता येतो. टी-फाइव्हच्या नळ्यांचा उजेड सारखा पसरतो, पण त्या वर्षभरात बदलाव्या लागतात. कोणताही घेतला तरी टायमरवर आठ ते दहा तास, आणि नव्या दिव्याखाली प्रवाळ एकदम भर उजेडात ठेवू नये. जास्त उजेड आणि जास्त ऊब मिळाली की ती शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपची प्रवाळे अशीच पांढरी पडली, आणि त्यानंतर २०१०, २०१६ व २०२४ सालीही. जे समुद्रात घडते ते काचेत एका दुपारी घडते.

पण मुळात प्रवाळ घ्यावे का? हा छंद जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले. इंग्लंडात घरोघर टाक्यांचे खूळ पसरले. पुढे त्यांच्याच मुलाने १९०७ साली आपल्या पुस्तकात खंत केली, की संग्राहकांच्या झुंडींनी वडिलांना प्रिय असलेले किनारे ओरबाडून टाकले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळे आणि समुद्रघोडे आले. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे यांना तीन ते सात वर्षांची कैद आहे. परदेशी दगडी प्रवाळाचा व्यापारही आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्याशिवाय होत नाही. "सगळे चालते हो" हे दुकानदाराचे वाक्य म्हणजे परवाना नव्हे. आणि खडकावरून ते प्रवाळ खरवडायला जो पाणबुड्या पोर उतरतो, त्याच्या हातात काय पडते, हेही आम्ही एरवी विचारले असतेच.

मग राहते काय? पुष्कळ राहते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास हौदात करून दाखवली आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीलाही अशी पैदास सुरू झाली. हौदात जन्मलेला मासा टाकीला सरावलेला असतो आणि समुद्रपुष्पावाचून सुखाने राहतो. अशा माशांना दिवा किती हवा? आपल्याला ते दिसतील इतका. पंधरा-वीस वॅटचा साधा पांढरा एलईडी पुरे. दिव्याचे सारे पैसे वाचले. ते पंखा, स्किमर आणि बॅटरीच्या पंपाकडे वळवा.

थोड्या साधनांत भागते, हे दुसऱ्याने आधी दाखवले आहे. इंडोनेशियात जाकार्ता येथे राहणाऱ्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत सांगितली : समुद्रातून आणलेले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन. दगडांवरचे जंतू काम करीत आणि ऊन फुकट. त्यांच्या दाराशी समुद्र होता, आपल्या दाराशी नाही. दगड आपण कोरडे घ्यावेत आणि जंतूंची वाट पाहावी.

आमची आजची टाकी तीन फुटांची आहे. दोन विदूषक, एक गोबी, चार गोगलगाई. दिवा वीस वॅटचा. मुलगी आता नोकरीला आहे; सुटीत आली की आधी थर्मामीटर पाहते, मग मासे. २००७चा तो हॅलाइड माळ्यावर आहे. विकावा तर घेणाऱ्याला त्याची गोष्ट सांगावी लागेल, म्हणून विकला नाही.

रिफ्रॅक्टोमीटर आणि बॅटरीचा पंप आम्ही पिशवीतून आणले आहेत. ज्यांना हाताळून पाहायचे असतील त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ यावे. घरच्या टाकीतले वाटीभर पाणी कोणी आणले असेल तर तेही मोजून देऊ.